तो शेवटी आला की नाही?

अगं, ‘द अनटेम्ड’चा शेवट बघून चिडलेली तू एकटीच नाहीस. २०१९ साली ही चिनी मालिका आली, तेव्हापासून जगभरच्या पोरी त्या शेवटच्या मिनिटावरून भांडताहेत. पन्नास भाग वेई वूशियान आणि लान वांगजी एकमेकांसाठी जीव टाकतात, मग वाटा वेगळ्या होतात. वेई वूशियान डोंगरावर एकटाच उभा राहून बासरी वाजवतो. मागून हाक येते. तो वळतो, हसतो आणि मालिका संपते. हाक मारणारा दिसतच नाही. आता तुझं एकच पालुपद, ‘ताई, तो आला की नाही तेवढं सांग.’ सांगते ना. पण आधी असा शेवट बघायचा कसा ते ऐक, म्हणजे पुढच्या मालिकेला माझ्याकडे धावत यावं लागणार नाही.

आपण विवळवेढ्याच्या पोरी. चैत्री पौर्णिमेला महालक्ष्मीची यात्रा भरते आणि रात्री वाघाडीचा पुजारी सुळक्यावर ध्वज लावायला जातो. खाली पाळणे, दुकानं, हायवेच्या गाड्यांचा कलकलाट. अंधारात तो कसा चढला, कुठे पाय ठेवला, आपल्याला काही दिसत नाही. सकाळी मान वर केली की ध्वज फडकत असतो. पुजारी वर गेला की नाही, असं कोणी विचारतं का? चांगला दिग्दर्शक हेच करतो. चढण झाकून ठेवतो आणि ध्वज दाखवतो. तुझं काम ध्वज शोधायचं.

‘अनटेम्ड’मधला ध्वज कुठला, सांग. बासरीवरची ती धून. ती धून लान वांगजीने रचलेली आहे, आणि मेल्यावर सोळा वर्षांनी परत आलेल्या वेई वूशियानला त्याने ओळखलं तेही त्याच धुनेवरून. मालिकाभर ती त्या दोघांचीच राहते. आणि हाक? लान वांगजी पहिल्यापासून त्याला ‘वेई यिंग’ म्हणतो, मागून तीच हाक येते. मग ते हसू बघ, अनोळखी माणसाकडे बघून कोणी तसं हसत नाही. धून, नाव, हसू या तीन खुणा जुळल्या, म्हणजे माझ्या मते तो आला. मिळालं उत्तर?

मग चेहरा का दाखवला नाही, असं विचारशील. त्याला कारण आहे. मोशियांग थोंगशिऊ या लेखिकेच्या मूळ कादंबरीत हे दोघं प्रेमी आहेत. चीनमध्ये मालिका लोकांपर्यंत पोचण्याआधी सरकारी तपासणीतून जाते आणि दोन पुरुषांचं प्रेम तिथे पडद्यावर चालत नाही. मग दिग्दर्शकाने ते सगळं धुनेत, नजरेत आणि हाकेत घातलं. तिथे मिठी दाखवायची सोय नव्हती, हाक ऐकवायची होती. म्हणून शेवट उघडा दिसला की पहिला प्रश्न हा विचार, की हा उघडा ठेवलाय, ठेवावा लागलाय, की नुसता राहून गेलाय?

राहून गेलेले शेवट तर आपल्या रोजच्या मालिकांमध्ये ढिगाने सापडतील. आपली रोजची मालिका लिहिली जात असते आणि दाखवलीही जात असते, दोन्ही एकाच वेळी. टीआरपी चांगला आला तर लग्न लांबतं, नवी जाऊ येते, मेलेला माणूस उठून बसतो. टीआरपी घसरला की थोड्याच दिवसांत सगळं आवरायचं. खलनायिकेला अचानक पश्चात्ताप होतो आणि सगळं घर फोटोसाठी एका सोफ्याभोवती गोळा होतं. तिथे शेवटाचा अर्थ शोधत बसू नकोस, वेळ फुकट जाईल. ‘रात्रीस खेळ चाले’ने २०१६ मध्ये गावाला वेड लावलं होतं, आठवतं ना? गोष्ट संपली, पण लोकांना नाईकांचा वाडा सोडवेना, म्हणून २०१९ मध्ये मालिका मागे जाऊन अण्णा आणि शेवंताची गोष्ट सांगायला लागली. आपल्याकडे बरेचदा प्रेक्षकांचा कौल शेवट ठरवतो.

चिनी मालिका सहसा आधी पूर्ण चित्रित होते, मग तपासणी आणि मगच प्रसारण. २०२० मध्ये तिथल्या सरकारी खात्याने मालिका चाळीस भागांच्या आत ठेवा असंही सुचवलं. म्हणजे पहिल्या दिवशी कॅमेरा लावताना शेवटचं पान दिग्दर्शकाच्या हातात असतं. एकदा हे लक्षात घेतलंस की बघायची पद्धतच बदलते. शेवटात जे आहे त्याचं बी पहिल्या दोन-तीन भागांत पेरलेलं असणार. म्हणून माझा पहिला सल्ला: शेवट समजला नाही तर ‘अर्थ सांगतो’ म्हणणाऱ्या व्हिडिओकडे पळू नकोस. पहिला भाग परत लाव, त्याला लागून शेवटची दहा मिनिटं बघ.

हे चीनपुरतं नाही. आपल्या मराठी सिनेमांवरही करून बघ, हात बसायला तेच सोपे. नागराज मंजुळेंचा ‘फँड्री’ घे. शेवटी जब्या दगड उचलतो आणि फेकतो, दगड थेट आपल्या अंगावर येतो आणि पडदा काळा होतो. पुढे काय झालं? गावाने त्याला मारलं का, शाळा सुटली का, काहीच सांगत नाहीत. आता सुरुवात आठव. पहिल्यापासून पोराच्या हातात गलोल आहे, तो काळ्या चिमणीच्या मागे रानभर फिरतोय. नेम धरायची सवय दिग्दर्शकाने आधीच दाखवून ठेवलीय. आणि डुक्कर पकडायच्या वेळी गाव कसं बसलंय? सामना बघायला बसल्यासारखं. आपणही त्यांच्यातच बसून बघत होतो. म्हणून शेवटचा दगड कॅमेऱ्याकडे येतो. जब्याचं पुढे काय झालं यापेक्षा त्या वेळी आपण कुठल्या बाजूला बसलो होतो, हे तो विचारतोय.

मग ‘सैराट’, २०१६चा. त्याचा शेवट तू रडत बघितलास, पण त्यातला आवाज ऐकलास का? पहिला अर्धा भाग अजय–अतुलच्या गाण्यांनी भरलेला आहे, हॉलिवूडला जाऊन मोठ्या वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रित केलेलं संगीत. सगळं नाचतं, शेतं नाचतात, विहीर नाचते. हैदराबादला गेल्यावर गाणी सरतात. आणि शेवटी माहेरची माणसं भेटी घेऊन दारात येतात, अर्ची चहा टाकते, लहान पोर शेजारणीबरोबर बाहेर असतं. ते परत येतं तेव्हा आवाज नाहीच. किंकाळी नाही, वाद्य नाही, फक्त रक्तात उमटलेली इवली पावलं. अर्ची आणि तिच्या नवऱ्याचं काय झालं ते स्पष्ट आहे. उघडं आहे ते पोराचं पुढचं आयुष्य. दिग्दर्शकाने एवढं संगीत आधी दिलं ते शेवटी काढून घेण्यासाठी, असं मला वाटतं. म्हणून शेवट बघताना कान उघडे ठेव. काय ऐकू येतंय यापेक्षा काय ऐकू यायचं थांबलंय, तिकडे लक्ष दे.

आणि खरी परीक्षा हवी असेल तर चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’. २०१४ मध्ये व्हेनिसला गाजला, पुढे राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. नारायण कांबळे नावाच्या लोकशाहिरावर खटला चालू आहे. त्याच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप. सिनेमाभर आपण निकालाची वाट बघतो. उन्हाळ्याची सुट्टी लागते, न्यायालय रिकामं होतं, दिवे मालवले जातात. संपला वाटतं ना? नाही संपत. न्यायाधीश कुटुंबाबरोबर सहलीला जातात. गप्पा होतात, बाकावर डुलकी लागते, पोरं ओरडून त्यांना दचकवतात, ते एकाला थोबाडीत देतात आणि परत झोपतात. झालं. निकाल नाहीच.

पहिल्यांदा बघणारी माणसं खवळतात, हा काय शेवट म्हणून. पण मागे जाऊन बघ. बचाव पक्षाचा वकील न्यायालयातून निघाला की कॅमेरा त्याच्या घरी गेलाय, दुकानात गेलाय. सरकारी वकील बाई निघाल्या की त्यांच्या मागे गेलाय, पोराला घेऊन घरी, स्वयंपाकाला, नाटकाला. घरापर्यंत गेला नव्हता तो फक्त न्यायाधीशांच्या. शेवटी त्यांची पाळी येते. मध्येच एक प्रसंग आहे, एका बाईने बिनबाह्यांचं घातलंय म्हणून तिचं प्रकरण पुढे ढकललं जातं. तो बघितल्यावर सहलीतली थोबाडीत अचानक येत नाही. निकाल कळला नाही खरा, पण निकाल देणारा माणूस कळला. आणि ताम्हाणेंचा कॅमेरा जवळ जाऊन चेहरा दाखवत नाही, लांब उभा राहतो, बराच वेळ हलत नाही. कोणाकडे बघायचं ते तुलाच ठरवावं लागतं. ज्या माणसाने पूर्ण सिनेमाभर तुला बोट दाखवलं नाही, तो शेवटी कशाला दाखवेल?

हा दुसरा सल्ला आला बघ ओघात. शेवट समजायचा तर दिग्दर्शकाच्या सवयी ओळख, आणि त्यासाठी एकाच माणसाची दोन कामं लागोपाठ बघ. ताम्हाणेंचाच ‘द डिसायपल’ घे, २०२०चा. शरद नेरुळकर गाणं शिकतो, आयुष्य घालवतो, शेवटी बायको-मुलीबरोबर लोकलमध्ये बसलेला असतो आणि डब्यात एक गाणारा येतो. शरदला काय वाटतं, कोणी सांगत नाही. दोन्ही सिनेमे गोष्ट संपल्यावर थोडं पुढे चालतात आणि एका साध्या दिवसावर थांबतात. एवढं कळलं की त्या माणसाचा पुढचा सिनेमा बघताना तू निकालाची वाट बघत बसणार नाहीस.

चिनी दिग्दर्शकांमध्ये हा अभ्यास शिन शुआंगवर कर. आधी रॉक बँडमध्ये गिटार वाजवायचा, मग दिग्दर्शक झाला. त्याची ‘द बॅड किड्स’ २०२० मध्ये आली, बाराच भाग. सुरुवातीलाच एक गणिताचा शिक्षक सासू-सासऱ्यांना डोंगरावर फिरायला नेतो आणि ढकलून देतो, तीन मुलांच्या कॅमेऱ्यात ते चुकून टिपलं जातं. त्यानंतर चीनमध्ये ‘डोंगरावर येतेस का?’ ही धमकीवजा थट्टा झाली होती. गडावर चल म्हटल्यावर तू का फिदीफिदी हसलीस ते आता कळलं मला!

त्या मालिकेत तो शिक्षक देकार्तच्या मरणाच्या दोन गोष्टी सांगतो. एक परीकथेसारखी, राजकन्या, प्रेमपत्र वगैरे. दुसरी खरीखुरी, थंडीत आजारी पडून गेला. कुठली मानायची ते ऐकणाऱ्याने ठरवावं. आता तिथले नियम असे की गुन्हेगाराला पडद्यावर मोकळं सुटू द्यायचं नाही. म्हणजे शेवट नीटनेटका दिसायलाच हवा. शिन शुआंगने तो वरून तसा दाखवला, पण दोन गोष्टींची किल्ली आधीच तुझ्या हातात देऊन ठेवली. परीकथा मानलीस तर मुलं वाचली, दुसरी मानलीस तर अंगावर काटा येईल. नियमही पाळला आणि प्रश्नही ठेवला. शेवट ठेवावा लागलाय आणि ठेवलाय, दोन्ही एकाच वेळी असू शकतं, ते इथे दिसतं.

त्याचीच ‘द लाँग सीझन’, २०२३ची, तुझ्या यादीत घाल. जुना इंजिन ड्रायव्हर आता टॅक्सी चालवतो, पोराच्या मरणाचं कोडं त्याला सोडत नाही. खुनाची गोष्ट म्हटली की अंधार, पाऊस, करडा रंग, हे आपल्या डोक्यात बसलेलं. इथे मात्र सगळीकडे शरदाचं पिवळं ऊन आणि मक्याची शेतं. शेवटी म्हातारा स्वतःच्याच तरुणपणाला रेल्वेचं इंजिन चालवताना बघतो, गाडीबरोबर धावत ओरडून सांगतो की पुढे बघ, मागे वळू नकोस. बर्फ पडायला लागतो. हे खरं घडलं की त्याच्या मनात, असा वाद घालू नकोस. पूर्ण मालिका तीन काळांत उड्या मारत आलीय, १९९७, १९९८ आणि २०१६. शेवटी ते काळ एकाच चौकटीत भेटले एवढंच. ज्या मालिकेने काळ पहिल्यापासून मोडून दाखवला, तिचा शेवट घड्याळावर तपासायचा नसतो.

आपल्याकडेही गाडीवर संपणारा सिनेमा आहे, जब्बार पटेलांचा ‘उंबरठा’, १९८२चा. स्मिता पाटीलची सुलभा घर सोडून निघते आणि पुढे तिचं काय होतं ते सांगितलेलं नाही. आईच्या पिढीतल्या बायका या शेवटावर भांडल्या असतील, त्यांना विचार. एका पिढीला ती सुटली वाटली असेल, एकीला उघड्यावर पडली. बघणाऱ्याचं आयुष्य शेवटात मिसळतं ते असं.

आता तुझी लाडकी ‘स्कार्लेट हार्ट’, मूळ चिनी, २०११ची, ३५ भागांची. कोरियन अवतार नंतर २०१६ मध्ये आला. आजच्या काळातली मुलगी चिंग राजवटीत जाते, राजपुत्रांमध्ये अडकते, शेवटी परत येते. प्रदर्शनात जुन्या दरबाराचं चित्र बघते तर त्यात तीच! मग चौथ्या राजपुत्राच्या चेहऱ्याचा एक माणूस समोर येतो. बघतो आणि निघून जातो. इथे एक युक्ती शिक. शेवट आला की कागदावर प्रश्न लिही आणि दिग्दर्शकाने कुठला बंद केला, कुठला उघडा ठेवला ते बघ. हे सगळं स्वप्न होतं का? चित्र सांगतं, नव्हतं. प्रश्न बंद. त्याने ओळखलं का? तो निघून गेला. प्रश्न उघडा. दिग्दर्शकाने भूतकाळ पक्का केला आणि भविष्य सोडून दिलं. ‘काहीच कळलं नाही’ म्हणणाऱ्या पोरींनी दोन्ही प्रश्न एकात कालवलेले असतात.

एक व्यवहाराची गोष्ट सांगते. तू एमएक्स प्लेअरवर हिंदीत डब केलेलं बघतेस, त्यात वाईट काही नाही, रात्री दमल्यावर सबटायटल कोण वाचणार. पण शेवटचा भाग सापडला तर मूळ आवाजात बघ. डबिंगमध्ये थांबे भरून टाकतात, चुप्प बसलेलं पात्र काहीतरी पुटपुटतं, मूळ हाकेतला सूर बदलतो. आणि गंमत म्हणजे चीनमध्येही ऐतिहासिक मालिकांत नटाला बरेचदा दुसऱ्याच कलाकाराचा आवाज असतो. तिथला आवाजसुद्धा विचार करून निवडलेला. ज्या शेवटाचा सगळा भार एका हाकेवर आहे, तो दुसऱ्या भाषेत ऐकून भांडायला जाऊ नकोस.

आणि उघडा शेवट म्हणजे वाट्टेल तो अर्थ, असंही नाही हं. मैत्रीण म्हणाली की ‘अनटेम्ड’मधली हाक भुताची होती, तर तिला विचार, आधीच्या कुठल्या दृश्यात त्याची खूण आहे? तीन जागा दाखवता आल्या तर तिचा अर्थ मान्य करायचा, तुझ्यापेक्षा वेगळा असला तरी. एकही दाखवता आली नाही तर ती तिची इच्छा आहे, अर्थ नव्हे. तुझ्या अर्थालाही हाच नियम लाव. मी ‘तो आला’ म्हणते ते तीन खुणांच्या जिवावर. तुला त्याच्याविरुद्धच्या तीन सापडल्या तर ये, मी ऐकेन.

आता एक मालिकेबाहेरचं सांगते, रागावू नकोस. ही खुणा शोधायची सवय माणसांवर लावू नकोस. त्याने मेसेज वाचला पण उत्तर दिलं नाही, स्टेटसला अमुक गाणं ठेवलं, चारोटी नाक्यावर बघून हसला, यातून तू रात्रभर अर्थ काढत बसतेस, मला दिसतं सगळं. मालिकेत खूण पेरणारा कोणीतरी असतो, त्याने पगार घेऊन विचार केलेला असतो. त्या पोराच्या गप्प बसण्यामागे बहुतेक वेळा काहीही नसतं. पडद्यावरचा प्रश्न खुशाल उघडा राहू दे, माणसाला सरळ विचारायचं. आणि सरळ उत्तर देत नसेल तर ते नाही समजायचं आणि पुढे व्हायचं.

रविवारी घरात कोणी नसेल तेव्हा ‘कोर्ट’ लाव, फोन बाजूला ठेवून. बघून झालं की मला एकच सांग, ते न्यायाधीश पोराला मारून परत झोपले तेव्हा तुला राग कोणाचा आला?